वरच्या माडीच्या तीन खोल्या

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतून एका ताईंचं चार पानी पत्र आलंय. नाव छापू नका म्हणाल्यात, म्हणून नाव नाही. मजकूर थोडक्यात असा.

वय 64. पती कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले. मुलगा पुण्यात वाकडला, मुलगी इचलकरंजीत दिलेली. घर जुनं, दगडी जोत्याचं, सासऱ्यांनी 1958 साली विकत घेतलेलं. खाली त्या एकट्या राहतात आणि वर माडीच्या तीन खोल्या चार वर्षं कुलूपबंद आहेत. उद्यमनगरात सीएनसी मशीन चालवणारा एक माणूस त्या खोल्या भाड्यानं मागतोय. मूळचा झारखंडचा, कोल्हापुरात सात वर्षं झाली. बायको साड्यांना फॉल-पिको करते, मुलगी महापालिकेच्या शाळेत दुसरीत आहे. सध्या ते पाचगावच्या पुढं पत्र्याच्या एका खोलीत राहतात. महिना 6,500 द्यायला तयार आहेत. एजंट म्हणतो, गावात मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच आलंय, वकिलाला ऑफिससाठी द्या, 11,000 मिळवून देतो. मुलगा म्हणतो, भाड्याबिड्याच्या भानगडीत पडू नकोस, घरच विकून टाक आणि पुण्याला ये. गल्लीतली माणसं म्हणतात, परप्रांतीय आणू नका, पेठ आपली राहिली पाहिजे. आणि ताईंना स्वतःला भीती वाटते की भाडेकरू एकदा आत आला की निघत नाही. सासूबाईंच्या काळात खालच्या सोप्यात एक भाडेकरू होता, तो 38 वर्षं राहिला, महिना 25 रुपयांवर.

पत्राच्या शेवटी त्यांनी लिहिलंय, "मी काय करू ते स्पष्ट सांगा, गोड बोलू नका."

ताई, स्पष्ट सांगते. खोल्या त्या कुटुंबाला द्या. कागद पक्का करून द्या. घर आत्ता विकू नका.

आता का ते सांगते, आणि कसं ते त्याहून जास्त सांगते, कारण माझं सगळं आयुष्य बँकेच्या घरकर्ज विभागात गेलंय. चांगल्या मनाच्या माणसांची घरं कच्च्या कागदापायी कोर्टात अडकलेली मी पाहिली आहेत.

आधी तुमच्या भीतीचं बघू. ती खोटी नाही. तुमच्या सासूबाईंच्या काळात 1947 चा मुंबई भाडे कायदा होता. त्यात भाडं गोठलेलं आणि भाडेकरूला काढणं जवळजवळ अशक्य होतं. त्यातही 1 फेब्रुवारी 1973 या तारखेला जे लोक नुसत्या लिव्ह-लायसन्सवर, म्हणजे भाडेकरूचा हक्क न देता दिलेल्या राहायच्या परवानगीवर, राहत होते, त्यांनाही कायद्यानं भाडेकरूचं संरक्षण दिलं. म्हणजे पाहुण्यासारखा ठेवलेला माणूस एका रात्रीत हक्काचा भाडेकरू झाला. त्या एका तारखेनं घरमालकांच्या दोन पिढ्यांच्या मनात धास्ती बसली. पेठांतल्या कितीतरी माड्या तेव्हापासून बंद आहेत त्या आहेतच. वाळवी लागेल, कौलं गळतील, पण भाडेकरू नको.

पण ताई, तो कायदा गेला. 31 मार्च 2000 पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 लागू आहे. त्यात लिव्ह-लायसन्सचा करार संपला की जागा परत मिळवायची वेगळी, लवकरची वाट कलम 24 मध्ये दिलेली आहे. मुदत संपूनही माणूस उठला नाही तर सक्षम प्राधिकाऱ्याकडं अर्ज करायचा. दिवाणी कोर्टात पंधरा-पंधरा वर्षं तारखा घेत बसायचं काम नाही. आणि जितके दिवस तो जास्त बसेल तितक्या दिवसांचं भाडं दुप्पट दराने द्यायची जबाबदारी त्याच्यावर येते. तुमच्या सासूबाईंच्या हातात यातलं काहीच नव्हतं.

मात्र हे सगळं करार नोंदवलेला असेल तर. इथंच आपली माणसं चुकतात. "अकरा महिन्यांचा कागद नोटरी केला की झालं," असं तुम्हाला गल्लीतले दहा जण सांगतील. चूक आहे. महाराष्ट्रात लिव्ह-लायसन्सचा करार कितीही महिन्यांचा असो, अकराचा असो की तेहतीसचा, तो लेखी असावा लागतो आणि नोंदवावा लागतो. कलम 55. नोंदवायची जबाबदारी घरमालकाची आहे, भाडेकरूची नाही. नोंदवला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. त्याहून वाईट म्हणजे उद्या वाद झाला तर कोणत्या अटींवर जागा दिली होती याबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरलं जातं, तुम्ही उलट सिद्ध करेपर्यंत. नोटरीचा शिक्का तिथं कामाला येत नाही.

खर्च विचाराल तर हजार-दीड हजाराच्या भीतीनं लोक नोंदणी टाळतात याचं मला फार वाईट वाटतं. शहरात नोंदणी फी 1,000 रुपये आहे. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का, आणि परत द्यायच्या डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के धरून जी रक्कम होते तिच्यावरही पाव टक्का. तुमच्या हिशेबात ते काही शे रुपयांत बसतं. आता हे ऑनलाइनही होतं. माणूस लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी येतो, आधार कार्डावर दोघांचे अंगठे घेतो आणि चार दिवसांत कागद हातात पडतो. त्याची फी वेगळी, ती आधी ठरवून घ्या, निम्मी तुमची निम्मी भाडेकरूची.

मुदत किती ठेवायची? अकरा महिन्यांचा काही फायदा नाही हे आता कळलंच. मी तुमच्या जागी असते तर 22 महिन्यांचा करार केला असता. त्या पोरीची दोन वर्षं एका शाळेत होतील, तुम्हालाही माणूस पारखायला वेळ मिळेल. दोघांपैकी कुणालाही दोन महिन्यांची नोटीस देऊन करार संपवता येईल, असं कलम घाला. दुसऱ्या वर्षी भाडं किती वाढेल ते आधीच आकड्यात लिहा, "परस्पर संमतीने" असं मोघम ठेवू नका.

डिपॉझिट घ्याल ते वेगळ्या मुदत ठेवीत टाका. ते पैसे तुमचे नाहीत, जाताना परत द्यायचेत. भाडेकरू निघायची वेळ आली आणि डिपॉझिट घरखर्चात संपलं, म्हणून मालकच "अजून सहा महिने राहा" म्हणतो, असं पुष्कळ घरांत होतं.

भाडं दर महिन्याला बँकेत घ्या. रोख दिलं तर पावती द्या, तारीख घालून. भाडेकरूची माहिती आपल्या पोलीस ठाण्यात द्या, आधारची प्रत आणि कामाच्या ठिकाणचा पत्ता जोडून. त्यात त्याचा अपमान नाही. मी स्वतः भाड्यानं राहायचे तेव्हा माझीही दिली होती.

आता तुम्ही पत्रात जाता जाता लिहून सोडून दिलेली गोष्ट. मिळकत पत्रिकेवर, म्हणजे प्रॉपर्टी कार्डावर, नाव कुणाचं आहे? तुम्ही लिहिता, "घर अजून सासऱ्यांच्याच नावावर आहे, घरफाळा मी भरते." ताई, घरफाळ्याची पावती हा मालकीचा पुरावा होत नाही. सासऱ्यांनी मृत्युपत्र केलं नव्हतं असंही तुम्ही लिहिलंय, आणि सांगलीला एक नणंद आहे. मग हिशेब असा बसतो. सासरे गेले, पाठोपाठ सासूबाई गेल्या, तेव्हा घर तुमचे पती आणि नणंद यांच्यात निम्मं-निम्मं झालं. पतींचं निम्मं तुम्ही, मुलगा आणि मुलगी अशा तिघांत. म्हणजे नणंदेचा अर्धा, आणि तुमचा, मुलाचा, मुलीचा प्रत्येकी सहावा हिस्सा. एखाद्या जुन्या वाटणीपत्राचा वगैरे कागद असेल तर चित्र बदलेल, म्हणून वकिलाला एकदा दाखवाच. पण साधा हिशेब हा आहे.

म्हणजे मुलगा "विकून टाक" म्हणतो तेव्हा तो काय विकायला सांगतोय ते त्याला तरी माहीत आहे का? घर विकलं तर ज्या घरात तुम्ही चाळीस वर्षं राहिलात त्याच्या किमतीतला कायद्यानं तुमचा सहावा भाग. मग "आई, माझ्या फ्लॅटच्या कर्जात घाल" असं तो प्रेमानंच म्हणेल आणि तुम्ही प्रेमानंच द्याल. त्यानंतर वाकडच्या आठव्या मजल्यावर तुमची एक खोली असेल, स्वतःचं दार नसेल. मुलगा वाईट आहे असं मी अजिबात म्हणत नाही. पुण्यातल्या हप्त्यानं त्याची रात्रीची झोप उडालेली असणार. पण त्याच्या हप्त्याचं उत्तर तुमच्या डोक्यावरचं छप्पर नव्हे. त्याला हे फोनवर सांगू नका. तो गणपतीला येईल तेव्हा मिळकत पत्रिका समोर ठेवा, नणंदेलाही बोलवा आणि सगळ्यांदेखत बोला.

नगर भूमापन कार्यालयात वारस नोंदीचा अर्ज आधी करा. आणि तिथं कुणी म्हणालं की "मुलीकडून, नणंदेकडून हक्कसोड घेऊन टाका म्हणजे सुटसुटीत होईल," तर थांबा. बहिणीनं हक्क सोडलाच पाहिजे असा कायदा नाही, तो फक्त आपल्याकडचा रिवाज आहे आणि या रिवाजानं पुष्कळ बायकांना म्हातारपणी दारोदार फिरवलंय. नोंद सगळ्यांच्या नावानं होऊ द्या. सध्या इतकंच करा की खोल्या भाड्यानं द्यायला आणि भाडं तुम्ही घ्यायला हरकत नाही, असं नणंदेकडून, मुलाकडून आणि मुलीकडून लेखी घ्या. तुमचं नणंदेशी चांगलं आहे. ती देईल.

एजंटच्या अकरा हजारांबद्दल फार लिहीत नाही. 18 ऑगस्ट 2025 पासून सर्किट बेंचचं काम सुरू झालं, सहा जिल्ह्यांचे वकील आणि पक्षकार कोल्हापुरात यायला लागले आणि भाऊसिंगजी रोडच्या आसपास जागेला मागणी आली हे खरं आहे. पण ऑफिसला जागा दिली की विजेचा दर व्यापारी होतो, घरफाळ्याची आकारणी बदलते, आणि तुमच्या अरुंद जिन्यावरून दिवसभर अनोळखी माणसांची ये-जा. संध्याकाळी सहाला ऑफिसला कुलूप, म्हणजे रात्री तुम्ही पुन्हा एकट्याच. पैशाची फार निकड असती तर वेगळं बोलले असते. तुम्हाला पतींची पेन्शन आहे.

आता गल्लीचं.

गल्लीतल्या माणसांना मी दोष देणार नाही. त्यांच्या बोलण्यात एक खरी तक्रारही आहे आणि ती आधी ऐकून घ्यायला हवी. ठेकेदार एक खोली घेतो आणि तिच्यात बारा पोरं कोंबतो. दिवसपाळीची उठली की रात्रपाळीची त्याच अंथरुणावर झोपतात. संडास एक, नळ एक. मग गल्लीत भांडणं होतात, आणि त्या पोरांचेही हाल कुत्रं खाणार नाही असे होतात. हे शिरोलीच्या, गोकुळ शिरगावच्या आसपास आहे, शहरातही आहे. म्हणून करारात राहणाऱ्या प्रत्येकाचं नाव घाला. तीन माणसं, तीन नावं. ठेकेदाराच्या नावानं कधीही देऊ नका, पोटभाडेकरू ठेवायचा नाही हे स्पष्ट लिहा. गल्लीतल्या मोठ्या माणसांना हे तुम्हीच जाऊन सांगा: एक कुटुंब आहे, कागद आहे, पोलिसांत माहिती दिलीय.

त्यानंतरही कुणी म्हणालं की माणूस झारखंडचा आहे म्हणूनच नको, तर मात्र ऐकू नका. अशा वेळी मला आपलं गाव आठवतं. शाहू महाराजांनी 1895 साली शाहूपुरी वसवली ती गुळाच्या व्यापारासाठी, आणि व्यापारी बाहेरून आले. आपल्या सराफ बाजाराला गुजरी का म्हणतात ते सांगायला नको. आज तिथल्या माडीवर बंगाली कारागीर दागिने घडवतात आणि लग्नाला आपण तेच घालतो. 1901 साली मराठा बोर्डिंग आणि जैन बोर्डिंग, 1906 साली मुस्लिम बोर्डिंग, 1908 साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क होस्टेल, अशी एकामागून एक वसतिगृहं इथं उभी राहिली, कारण खेड्यातून आलेल्या पोराला शहरात कुणी खोली देत नव्हतं. महाराजांना कळलं होतं की शाळा काढून भागत नाही, पोरानं रात्री पाठ टेकायची कुठं हे आधी सुटलं पाहिजे.

आणि वळिवडे. ही गोष्ट पेठेतल्या तरुण पोरांना आम्ही नीट सांगितलीच नाही. 1943 साली रशियातल्या छावण्यांतून सुटून आलेले पाच हजारांच्या आसपास पोलंडचे लोक, बहुतेक बायका आणि पोरं, आपल्या वळिवड्याला बराकींत राहिले. 1948 पर्यंत होते. ते गेल्यावर त्याच बराकींत फाळणीनं उखडलेली सिंधी कुटुंबं आली. त्याचं गांधीनगर झालं. दिवाळीचं कापड घ्यायला अर्धा जिल्हा आज तिथं जातो. महावीर उद्यानात त्या पोलिश माणसांच्या आठवणीचा स्तंभ आहे, तुम्ही फिरायला जाता तेव्हा पाहिला असेल.

तालमीच्या अध्यक्षांनी तुम्हाला अडवलं असं लिहिलंय, म्हणून आणखी एक. शाहू स्टेडियमवर पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल संघातून परदेशी खेळाडू खेळलेले आहेत. तो पोरगा कुठल्या देशाचा ते कुणी विचारत नाही, गोल झाला की आख्खी पेठ त्याला खांद्यावर घेते. माझाही आवाज बसलाय त्या मॅचना. मग सात वर्षं आपल्या उद्यमनगरात लोखंड कापणाऱ्या माणसाला त्याच पेठेत राहायला जागा नको, हे मला पटत नाही. अध्यक्ष ओळखीचे आहेत ना? त्यांना असंच सांगा. भांडू नका. घरी बोलवा, चहा द्या आणि सांगा.

ताई, पेठ आपली राहिली पाहिजे हे मलाही वाटतं. पण पेठ रिकामी का होतेय ते बघा. तुमच्या गल्लीतल्या किती घरांत आता फक्त म्हातारी माणसं आहेत ते तुम्हीच मोजून लिहिलंय: सतरापैकी नऊ. त्या नऊ घरांतली पोरं परप्रांतीयांनी पळवली नाहीत. ती पुण्याला, बंगळुरूला गेली कारण नोकरी तिकडं होती. जी इथं राहिली त्यांना शहरात घर परवडलं नाही म्हणून ती पाचगाव, कळंबा, उचगाव, मोरेवाडीला गेली. 1972 साली महापालिका झाली, त्यानंतर हद्दवाढीवर वर्षानुवर्षं नुसते मोर्चे निघाले. शहर मात्र कागदावरची हद्द ओलांडून वाढतच गेलं. 2017 साली आजूबाजूच्या 42 गावांसाठी विकास प्राधिकरण झालं. गुंठा-दोन गुंठे घेऊन माणसांनी घरं बांधली, त्यातल्या कितीतरी ठिकाणी आधी घर झालं, मग रस्ता, आणि पाणी अजून टँकरनं. एकीकडं नऊ घरांच्या माड्या बंद आणि दुसरीकडं पत्र्याच्या खोलीला भाडं मोजणारी माणसं, एकाच गावात, सहा-सात किलोमीटरवर.

सरकारच्या योजना आहेत. प्रधानमंत्री आवास योजनेचा दुसरा टप्पा 2024 साली आला, त्यात वर्षाला तीन लाख, सहा लाख आणि नऊ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांसाठी वेगवेगळी मदत आहे, स्वतःची जागा असेल तर बांधकामाला अडीच लाखांपर्यंत मिळतात. 2020 च्या मे महिन्यात कोल्हापूर स्टेशनवरून श्रमिक गाड्या भरभरून गेल्या, कारखान्यांच्या भट्ट्या थंडावल्या. त्यानंतर केंद्रानं परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची योजनाही काढली. बँकेत असताना मी अशा योजनांचे अर्ज कितीतरी लोकांना भरून दिले आणि पुन्हा कुणी आलं तर पुन्हा देईन. पण तुमच्या या भाडेकरूला आज, या महिन्यात, कामापासून सायकलवर दहा मिनिटांच्या अंतरावर भिंत आणि नळ हवाय. तो कुठल्या योजनेतून लगेच मिळणार नाही. तो तुमच्या माडीवर आहे.

1984 सालची गोष्ट. मी गडहिंग्लज तालुक्यातल्या खेड्यातून बँकेच्या नोकरीसाठी इथं आले. एकवीस वर्षांची, एकटी. सात ठिकाणी "एकट्या पोरीला देत नाही" हे उत्तर मिळालं. दोन ठिकाणी आधी आडनाव विचारलं, मग खोली आधीच गेली म्हणून सांगितलं. दहावं घर शिवाजी पेठेत. मावशी सोप्यात बसून हरभरा निवडत होत्या. शेजारीण मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "कुणाची कोण, कशाला घेतीस?" मावशींनी सूप खाली ठेवलं नाही. म्हणाल्या, "पोरगी हाय, चोर न्हवं. खिळ्याला किल्ली हाय, काढून घे गं." महिना साठ रुपये. मी तिथं पाच वर्षं राहिले, तिथूनच लग्न होऊन बाहेर पडले आणि माझी ओटी त्यांनी भरली. मी तटस्थपणे लिहिते असा माझा दावा नाही. मला त्या खिळ्यावरची किल्ली अजून दिसते.

तुम्हीही हे केलेलं आहे, ताई. पत्रात मध्येच एका ओळीत लिहून पुढं गेलात: 2019 च्या पुरात सुतारवाड्यातली दोन कुटुंबं वरच्या माडीवर अकरा दिवस होती. पती होते तेव्हा. त्या वेळी गल्लीत कुणी हरकत घेतली नाही, उलट घराघरातून भाकरी आल्या. तेव्हाही तुम्ही त्यांना ओळखत नव्हता.

आता खोल्यांचं. वर मोरी आहे पण संडास खाली परड्यात, असं लिहिलंय. लहान पोरीला रात्री त्या जिन्यावरून उतरवायला लावू नका. माडीच्या मागच्या बाजूला संडास काढता येतो का ते गवंड्याला दाखवा. खर्च झेपत नसेल तर भाडेकरूनं करावा आणि तेवढे महिने भाडं कमी घ्यावं, असंही करता येतं, फक्त ते करारात लिहा. विजेचं मीटर वेगळं घ्या, नाहीतर दर महिन्याला बिलावरून मन कडवट होईल. नळाला पाणी किती वाजता येतं आणि वरची टाकी कोण भरणार, हे तोंडी का होईना पहिल्याच दिवशी ठरवा. कडीपाटाच्या दोन तुळयांना वाळवी आहे म्हणता, त्या बदलल्याशिवाय कुणालाच देऊ नका. वर सगळा संसार चढणार आहे आणि खाली तुम्ही झोपता.

खाण्यावरून कुणी काही बोललं तर मनावर घेऊ नका. मासे खातात म्हणे. खाऊ देत.

पत्राच्या तिसऱ्या पानावर तुम्ही एक गोष्ट लिहिली आहे आणि मुलाला सांगितली नाही म्हणता. श्रावणात जिन्याच्या तिसऱ्या पायरीवरून पाय घसरला, आणि सकाळी दूधवाला येईपर्यंत दोन तास तुम्ही तिथंच पडून होता. हाक मारली, पण शेजारच्या दोन्ही घरांना कुलूप होतं. ताई, ही ओळ मी चार वेळा वाचली. मुलाला ती सांगा, आजच सांगा. आणि करारावर अंगठे उठायच्या आधी, त्या पोरीनं पहिल्यांदा दप्तर घेऊन वर चढायच्या आधी, सुतार बोलवून तिसरी पायरी बदलून घ्या. जिन्याचा दोरही नवा बांधा, जरा खाली बांधा, तिच्या हाताला येईल असा.